दात घासताना नळ बंद ठेवा

महाराष्ट्रातली जनता पाण्याच्या बाबतीत अडाणी आहे, हे सरकारच्या दरवर्षी १६ मार्चला लक्षात येतं. २२ मार्चला जागतिक जल दिन असतो, तोवर तिला शहाणं करून सोडायचं असतं. म्हणून जलजागृती सप्ताह. २३ तारखेला जनता शहाणी झालेली असते आणि टँकरवाल्यांचे फोन लागेनासे झालेले असतात.

सप्ताहाचा मुहूर्त २०१६ सालचा. त्याच मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एका परिपत्रकात पाण्यासाठी एकत्र या, दुसऱ्यात पाण्याजवळ पाच जण दिसलात तर १४४ कलम. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. गाडीवर श्रेयाचे फलक लागले. पुढे रेल्वेने जिल्हाधिकाऱ्यांकडे सुमारे ४ कोटींचं बिल धाडलं, आणि बोंब झाल्यावर ‘प्रशासनानेच मागितलं होतं’ असा खुलासाही केला. फलकाचं आणि बिलाचं नाव वेगवेगळं असतं, एवढी जागृती तरी त्यातून झाली. दुष्काळ पाहून उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर पाठवले. सामने गेले. लातूरच्या मांजरा खोऱ्यातला ऊस जागचा हलला नाही.

सप्ताहाचं भाषण तुम्हीही ऐकलं असेल. ते पृथ्वीपासून सुरू होतं. पृथ्वीवरचं साडेसत्त्याण्णव टक्के पाणी खारट, उरलेल्या अडीच टक्क्यांतलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं. वक्ता आवाज खाली आणतो, मंडप हळहळतो. यात खोटं काही नाही, आणि सोय मोठी आहे. जगात पाणी कमी आहे म्हटलं की तालुक्यात कुणाचं तोंड वाकडं होत नाही. अंटार्क्टिकाचा बर्फ सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहत नाही.

पृथ्वीवरून भाषण थेट न्हाणीघरात उतरतं. दात घासताना नळ बंद ठेवा. शॉवरऐवजी बादली घ्या. गाडी ओल्या फडक्यानं पुसा. पृथ्वी आणि न्हाणीघर यांच्या मधे एक धरण असतं, त्याचा कालवा असतो, कालव्याला दारं असतात. कोणत्या दारातून किती आवर्तनं सुटणार, हे ठरवायला कालवा सल्लागार समिती असते. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाळीची वाट बघत बसतो आणि पाणी वरच्या वरच मुरतं. भाषणातून हा मधला सगळा मुलूख गायब. समितीचे दोन सन्माननीय सदस्य व्यासपीठावर असतात, त्यामुळे विषय काढणं बरंही दिसत नाही.

मराठवाड्यातल्या अशाच एका सप्ताहात कॉलेजची पोरं घरोघर प्रबोधनाला निघाली होती. एका दारात मावशी रिकाम्या घागरी रांगेनं मांडत होत्या. पोरानं पाठ केलेलं म्हटलं, “मावशी, वापर नसताना नळ बंद ठेवायचा बरं का.”

“बंदच हाय की लेकरा,” मावशी म्हणाल्या. “संकरातीपासून.”

पोरानं फॉर्मवर ‘सकारात्मक प्रतिसाद’ या रकान्यात खूण केली आणि पुढचं घर गाठलं.

आता चहाकडे वळू. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास. सिंचनाच्या पाण्यात मात्र तो ७० टक्क्यांच्या घरात जातो. हे कुण्या आंदोलकाचं म्हणणं नाही, केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने छापलेलं आहे. किलोभर साखरेमागे दोनेक हजार लिटर पाणी जातं असं धरलं, तर चहातली दोन चमचे साखर म्हणजे वीस लिटर. मराठवाड्यातल्या त्या सप्ताहात व्यासपीठावर चहाचे ट्रे दोनदा फिरले. अध्यक्षांना मधुमेह असल्याने त्यांनी बिनसाखरेचा घेतला. सबंध सप्ताहातली मोजता येईल अशी जलबचत तेवढीच.

ऊसवाल्या शेतकऱ्याला धोपटण्यात अर्थ नाही. ठरलेला भाव आणि ठरलेला गिऱ्हाईक असलेलं दुसरं पीक त्याच्यापुढे ठेवलंय कुणी? २०१७ साली मंत्रिमंडळाने ठरवलं, दोन वर्षांत उसाला ठिबक सक्तीचं. निर्णय झाला, पेढे झाले, आणि बराच ऊस अजून पाटानंच पितो. शेततळ्यांचीही तीच तऱ्हा. पावसाचं पाणी साठवायला योजना. प्रत्यक्षात काही ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून तळं बोअरनं भरायचं. जमिनीतलं गार पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं, आणि त्यावर अनुदानही घ्यायचं.

केपटाऊनवर २०१८ मध्ये पाणी संपायची वेळ आली. माणशी रोज ५० लिटर, अशी मर्यादा पडली. कुठल्या घराचा वापर मर्यादेत आहे, हे दाखवणारा नकाशाच तिथल्या महापालिकेने इंटरनेटवर टाकला. या नकाशाचा अभ्यास करायला आपलं शिष्टमंडळ जाऊ शकतं, कुटुंबासह. नकाशा मात्र तिथेच ठेवून यावा. इकडे तो छापला, तर मर्यादेबाहेर नेमकी कुणाची फार्महाऊसं दिसतील, हे तलाठ्यालाही ठाऊक आहे.

लांब कशाला, अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आहेच. तिथली ग्रामसभा पावसाचा हिशेब मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवते. शेतीला बोअर नाही आणि ऊसही नाही. हिवरे बाजारला भेटी देणाऱ्यांची कमतरता नाही. लोक बघतात, फोटो काढतात आणि परतताना रसवंतीवर थांबतात.

मराठवाड्यातल्या त्या सप्ताहाच्या समारोपाला एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी सूचना केली, की पुढचा सप्ताह सभागृहात नको, कालव्याच्या काठावर घ्या. लोकांना दारं दिसू देत, पाळीपत्रक वाचून दाखवा. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. रीतसर स्थळपाहणीही झाली. मंडपाला जागा मिळाली नाही. दोन्ही काठांना ऊस होता.