तळटीपवाले सर

नाशिकच्या पंचवटी कारंज्यावर एक माणूस बोलतोय आणि दुसरा घड्याळाकडे बघतोय असं दिसलं, तर बोलणारे आमचे सर असतात. जन्मभर कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला; निवृत्त झाल्यावर व्रत घेतलं की संशोधन सामान्य माणसापर्यंत पोचवायचं. सामान्य माणूस म्हणजे हाताला लागेल तो. दूधवाला, इस्त्रीवाला, किंवा निमाणीला बसची वाट बघत अडकलेला कुणीही.

संशोधन अगदी नवं. म्हणजे असं, की पांडवलेण्यांतले शिलालेख सेनार नावाच्या फ्रेंच पंडितानं १९०५-०६च्या ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले, ते अजून कारंज्यापर्यंत आलेले नाहीत, सबब नवे. “इतक्या वर्षांत कुणी सांगितलं का तुम्हाला?” असं सर दरडावतात आणि इस्त्रीवाला ओशाळून मान खाली घालतो.

पण सरांच्या तोंडून सरळ वाक्य निघेल तर शपथ. “हा लेख वर्ष ४२ मधला. आता हे ४२ शकाचं की नहपान क्षत्रपाच्या राज्याचं, यावर वाद आहे. वाद मिटला म्हणणारेही आहेत, पण त्यांच्यात एकमत नाही.” तोवर बस गेलेली असते. एकदा एका पेपरानं त्यांचा लेख छापला आणि तळटिपा गाळल्या. सरांनी त्यांची झेरॉक्स काढली आणि रविवारी सकाळी पेपरवाल्या पोराच्या मागोमाग घरोघर वाटली. मी दार उघडलं तर म्हणाले, “तिसऱ्या परिच्छेदातल्या ‘बहुधा’ला जोडून वाचा.”

रामायणाच्या वाटेला मात्र जात नाहीत. सीतागुंफेचं काय, कपालेश्वरासमोर नंदी का नाही, असलं काही विचारलं की सरांना घरची भाजी आठवते. त्यांचं धैर्य नहपानापासून सुरू होतं. “आपल्याला इथंच राहायचंय,” हे काकूंनी एकदा बजावलंय. त्या विधानाला तळटीप नाही.

गेल्या वैशाखात (“लेखातही वैशाखच आहे,” इति सर) गल्लीतल्या ज्येष्ठ मंडळींनी त्यांचं भाषण ठेवलं. विषय दहाव्या लेण्यातलं उषवदाताचं दान. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्यानं भिक्षूंना लेणं दिलं, वर तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. तीही इथेच, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींत. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी वर्षाला बारा-बारा कार्षापण.

पहिल्या रांगेतल्या निवृत्त कॅशिअरांनी बोटांवर हिशेब केला. “महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस बारे दोनशे चाळीस. अहो, पैन् पै जुळतोय की हिशेब!” पेंगणारी मंडळी ताठ बसली. सरांचा चेहरा उजळला. खरं तर तिथंच आभार मानून चहा सांगायचा. पण राहवेल तर ते सर कसले? म्हणाले, “आणि लेखात स्पष्ट म्हटलंय, मुद्दल परत द्यायचं नाही. फक्त व्याज.”

सभेत कळ उठली. पतसंस्थेत पैसे अडकलेले तिथं तिघे तरी होते. “म्हणजे हे तेव्हापासूनच चालू आहे?” “संचालक कोण होते?” सर हात जोडून सांगत राहिले, अहो, तो अक्षयनिधी होता, मुद्दल न मोडण्यातच पुण्य होतं, दस्त निगमसभेत नोंदवला होता. “आमच्याकडेही पावत्या आहेत, सर,” मागून आवाज आला. आभारप्रदर्शन राहूनच गेलं.

सरांची विद्या सगळ्यांत दूर नेली ती मालेगाव स्टँडवरच्या एका रिक्षावाल्यानं. सर रोज त्याच्याच रिक्षानं जातात, त्यामुळे त्याचा अभ्यासक्रम पुरा झालाय. परवा यात्रेकरूंना लेण्यांकडे नेताना त्यानं सरांनाही पुढं शेजारी घेतलं आणि मागं वळून सांगायला लागला, “इथला जावई होता एक. सासऱ्याच्या पैशावर तीन हजारांचा दानधर्म केला पठ्ठ्यानं.”

“सासऱ्याच्या पैशावर, याला पुरावा नाही,” सर कळवळले.

“पुरावा कशाला, सर? जावई होता ना?”