डूडल-मीमांसा

दोन मान्यताप्राप्त जातींचा जाणूनबुजून संकर करून जन्माला घातलेल्या, मातापित्यांच्या नावांचे तुकडे सांधून बारसे केलेल्या आणि पुष्कळदा त्या दोघांहूनही चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या पिल्लास सांप्रत ‘डिझायनर डॉग’ अशी संज्ञा आहे. हाच संकर मालकांची नजर चुकवून कुंपणापलीकडे घडला, तर ती पिल्ले ओळखीपाळखीच्यांच्या हातापाया पडून वाटावी लागतात. यावरून किंमत रक्ताला नसून हेतूला असते, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध प्राणी म्हणजे लॅब्राडूडल. हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीस वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, परंतु तिच्या पतीस कुत्र्याच्या केसांचे वावडे होते. तेव्हा ऑस्ट्रेलियातील गाईड डॉग संस्थेत पैदासीचे काम पाहणारे वॉली कॉनरन यांनी केस फारसे न गाळणारे स्टँडर्ड पूडल, म्हणजे पूडलांमधील सर्वांत थोराड प्रकार, एकामागून एक असे ३३ पारखले आणि त्यांतले एकही त्या नोकरीस उतरेना म्हणून अखेर १९८०च्या दशकाच्या शेवटी पूडल आणि लॅब्राडॉर यांचा संकर घडवून आणला. तीन पिल्ले झाली. त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला धाडण्यात आले, आणि त्या गृहस्थांना एकच पिल्लू सोसले. सुलतान नावाचे ते पिल्लू यथाकाल रुजू झाले. उरलेल्या दोघांना मात्र, ती मिश्र रक्ताची म्हणून, घरी वाढवण्यास कोणी तयार होईना. तेव्हा ही ‘लॅब्राडूडल’ नावाची नवी चीज आहे, अशी बातमी वर्तमानपत्रांकडे पोहोचवण्यात आली आणि संस्थेचे टेलिफोन खणखणू लागले. पिल्ले तीच होती, बदलला होता तो मजकूर. पुढे जगभर जे पेव फुटले ते पाहून खुद्द कॉनरन यांनी २०१९ मध्ये या उपक्रमाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला, परंतु तोवर पूडलाच्या नावाचे शेपूट जवळजवळ प्रत्येक जातीला चिकटवून झाले होते.

तीनांतले एकच सोसले, हा तपशील जाहिरातींतून नेमका गळतो. केस गळत नाहीत, एवढेच तेवढे उरते. वस्तुतः अॅलर्जी होते ती केसांची नव्हे, तर कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांची, आणि ही प्रथिने प्रत्येक कुत्रा आपापल्या मगदुराप्रमाणे निर्माण करतोच. अमेरिकेत घराघरांतील धूळ तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ‘अॅलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या कुत्र्यांच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत अशा प्रथिनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. सबब अॅलर्जी असलेल्या ग्राहकाने पावती फाडण्यापूर्वी त्याच पिल्लाजवळ तासन्‌तास बसून शिंका येतात का ते पाहावे; विक्रेत्याच्या शब्दापेक्षा स्वतःचे नाक अधिक विश्वसनीय होय.

यानंतर ‘एफ-१’, ‘एफ-२’ अशी परिभाषा कानी पडते, जी ऐकून एखादे विमान विकत घेत असल्याचा भास होतो. शुद्ध लॅब्राडॉर आणि शुद्ध पूडल यांची संतती ती एफ-१, आणि अशा दोन एफ-१ची संतती ती एफ-२. पहिल्या पिढीतील पिल्लांना बहुधा पूडलाची दाढीमिशी लाभते, कारण ती देणारे जनुक प्रभावी, म्हणजे एका पालकाकडून आले तरी आपला गुण दाखवणारे असते. दुसऱ्या पिढीत मात्र सरासरीने चारांतले एक पिल्लू दाढीमिशीवाचून, थेट आजोबा लॅब्राडॉरांसारखे तुळतुळीत निघते आणि सोफ्यावर केस गाळून घराण्याची ओळख पटवते. उलट ज्याचे केस गळत नाहीत, त्याचे ते वाढतच राहतात आणि नित्य विंचरले नाहीत तर त्यांच्या अशा जटा होतात की कात्री चालवणाऱ्याचे बिल हा घरखर्चातील कायमचा रकाना होऊन बसतो.

संकरामुळे संतती अधिक जोमदार होते, हा ‘संकरज ओज’ नावाचा सिद्धान्त खोटा नाही. पण दोन्ही कुळांत एकच व्याधी असेल, तर तो काय करणार? खुब्याचा सांधा सैल बसण्याचा विकार आणि दृष्टिपटल क्रमाक्रमाने झिजवणारा आनुवंशिक रोग, हे दोन्ही लॅब्राडॉरातही आढळतात आणि पूडलातही. म्हणून तपासावयाचे ते पिल्लू नव्हे, तर त्याचे मातापिते: त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे, त्यांच्या जनुकांच्या चाचण्या, आणि शक्य तर प्रत्यक्ष आई, तिच्या राहत्या जागी. पशुवैद्याने पिल्लाला टोचलेल्या लशीचा कागद हा या कागदपत्रांचा पर्याय नव्हे, हे विक्रेत्यास नम्रपणे सांगावे लागते. अशा वेळी अनुभवी विक्रेता वादात पडत नाही. तो पिल्लू उचलून ग्राहकाच्या मांडीवर ठेवतो, आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात.