साऊंडवाले मामा

देगलूरच्या बसस्थानकाजवळ बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरींच्या भेंडोळ्यांत बसलेल्या माणसाला सगळा गाव मामा म्हणतो. वरातीला तेलुगू तीनमार, उरुसाला कव्वाली आणि गाव संत गुंडा महाराजांचं, म्हणून सप्ताहाला कीर्तन. मामा सगळ्यांना साऊंड पुरवतात आणि सगळ्यांना नावं ठेवतात. नव्या गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत निकाल लागतो : "दम नाही." पुढं तेच गाणं गावभर वाजलं की, "मी पहिल्याच दिवशी म्हणलो होतो." काय म्हणाले होते, हे विचारायची कुणाची छाती नाही. घरच्या लग्नाला साऊंड त्यांचाच लागतो.

दिवाळीत पुण्याला शिकणारा भाचा आला आणि त्यानं मामांच्या मोठ्या बॉक्सवर न्यूयॉर्कच्या ‘सुइसाइड’ या जोडगोळीचा 1977 सालचा अल्बम लावला. गिटार नाही, ड्रमवाला नाही. मार्टिन रेव्हचा ऑर्गन, ताल धरणारं एक स्वस्तातलं यंत्र आणि त्यावर कधी पुटपुटणारा, कधी किंचाळणारा अ‍ॅलन व्हेगा. कारखान्यात राबूनही कंगाल राहिलेल्या फ्रँकीचं दहा मिनिटांहून लांब गाणं सुरू झालं. एका किंकाळीला शेजारचा चहावाला धावत आला, "मामा, कुणाला शॉक बसला का?" मामा बॉक्समागं वाकून वायरी हलवत होते.

"बिघडलं नाही मामा, असंच आहे."

"मंग बनवणाऱ्याला कुणी हाणलं नाही का बे?"

"हाणलं की!"

1978 मध्ये ब्रसेल्सला प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, माइक पळवला. ग्लासगोत अंगावर कुऱ्हाड आली, असं व्हेगा सांगायचा. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकानं अल्बम झोडपला. आपलं मत अमेरिकेपर्यंत पोचलेलं पाहून मामांनी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत भाच्यानं घात केला. त्याच ‘रोलिंग स्टोन’नं पुढं हा अल्बम 500 श्रेष्ठ अल्बमांत घेतला. 1982 साली खुद्द रॉकस्टार ब्रूस स्प्रिंगस्टीननं एका गाण्यात फ्रँकीची धाटणी उचलली. त्याच वर्षी मुंबईच्या चरणजित सिंगांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. 2010 मध्ये ती रेकॉर्ड हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि अ‍ॅसिड हाऊस हे नृत्यसंगीत शिकागोच्या आधी मुंबईत वाजलं होतं की काय, म्हणून जाणकार थक्क झाले.

तेव्हापासून मामांनी पक्ष बदलला. आज ज्याला शिव्या, उद्या त्याचंच राज्य! ज्या गाण्यावर गल्लीतून तक्रारी जास्त, ते वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये जातं. वरातीत म्हातारी माणसं कानात बोटं घालून पळाली की मामा डीजेवाल्या पोराचं अभिनंदन करतात. गावातल्या एका होतकरू गायकाचं गाणं सगळ्यांना आवडलं, तर मामा त्याच्या घरी भेटायला गेले. "खचू नको," म्हणाले, "पुढचं वाईट होईल."

परवा चहावाल्यानं धीर करून विचारलं, "पण मामा, ते किंचाळ्याचं गाणं तुम्हाला स्वतःला आवडलं का?"

मामांनी आवाज बारीक केला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "लई घाई करतो बे तू. गावाचं काय म्हणणं पडलं ते आधी सांग, मंग त्याच्या उलटं बोलतो."