थंडीवर खापर

पालघर जिल्ह्यातल्या आमच्या बेटेगावात थंडी येते ती मुख्यतः बातम्यांतून. निफाडचा पारा घसरला असं टीव्हीवर दिसलं की आमच्याकडे माकडटोप्या कपाटाबाहेर पडतात. बाहेर असतात पंधरा-सोळा अंश. पहिल्या पाळीला एमआयडीसीत निघालेला बिहारचा कामगार अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसतो.

याच सुमारास गल्लीतल्या गाड्यांचे सेल्फ रुसतात. किल्ली फिरवली की ‘खट्’ होतं, पुढे काही नाही. लगेच शेजारचे काका मफलर सावरत निदान करतात, ‘‘थंडी हो! बॅटरी बसली.’’

काकांचा मान राखून सांगतो, हा थंडीवर अन्याय आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनचं ऑइल घट्ट होतं, हे खरं. पण ती मिजास लडाखच्या थंडीने करावी. बेटेगावच्या सोळा अंशांत बसणारी बॅटरी मे महिन्यातच खचलेली असते. उकाड्याने आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या झिजतात. पोरगं वर्षभर उनाडतं आणि शिव्या खातो निकालाचा दिवस, तसं डिसेंबरचं झालंय.

त्यात आमचा दिनक्रम. सकाळी गाडी काढायची आणि बोईसर स्टेशनला लावून लोकल पकडायची. सेल्फने खाल्लेली वीज भरून निघायच्या आत स्टेशन येतं. तिकडे तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज बनवतंय आणि इकडे बारा व्होल्टसाठी चार सज्जन लुंगीवर गाडी ढकलतायत!

जुनी गाडी घेणाऱ्याने तर जास्तच जपावं. विकाऊ असलेली प्रत्येक गाडी म्हणे कुठल्या तरी डॉक्टरांचीच असते. पालघर जिल्ह्यात खरंच इतके डॉक्टर असते, तर आरोग्य केंद्रांपुढे रांगा कशाला लागल्या असत्या? ‘‘बॅटरी नवीच टाकलीय’’ हे दुसरं सुभाषित. त्यावर वाद घालू नये, वॉरंटी कार्ड मागावं. बोनेटवर सहज हात ठेवावा. गरम लागलं तर समजावं, आपण यायच्या आधीच गाडीची रंगीत तालीम उरकलेली आहे. मग चहा मागवावा, इंजिन गार होऊ द्यावं आणि नंतर सेल्फ मारायला सांगावं. मालकाचा चेहरा वाचायला मीटर लागत नाही.

बॅटरी वाचायला मात्र लागतो. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली गेली तर काकांना हाक मारावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. ते नसतील तर दोष चार्जिंगचा, आणि मग नवी बॅटरीही जुनीच्या वाटेने जाते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. काकांच्या मते बोअरचंही चालतं, पण काकांकडे सायकल आहे.

१९१२ साली कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला. त्याआधी हँडल मारताना लोकांची मनगटं मोडत. त्या मानाने आपलं नशीब थोर. आपल्यामुळे मोडतो तो फक्त शेजाऱ्यांचा चहा.

बॅटरीचं हे सगळं मी दिवाळीतच उरकलं. आता भर डिसेंबरात गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. धक्का द्यायला मफलर गुंडाळून सज्ज झालेल्या काकांचा चेहरा पडला. क्षणभरच. लगेच खाली वाकून म्हणाले, ‘‘ते ठीक आहे रे, पण स्टेपनीत हवा बघितलीस का?’’