कालवेकर

इंग्लंडच्या कालव्यांवर जुलै-ऑगस्टात हौशे, नवशे, गवशे तिन्ही असतात. आठवड्यासाठी नाव भाड्याने घ्यायची, दुपारपासून बिअर, एखाद्या पुलाच्या कमानीला धडक, तिचे फोटो, आणि शनिवारी सकाळी किल्ली परत. कालवेकर तेव्हा कुठेतरी झाडाखाली नाव बांधून तोंड फिरवून बसलेला असतो. भाड्याच्या नावा आवरून ठेवल्या गेल्या, काठावरचं दव पहाटे गोठायला लागलं, की हा बाहेर पडतो. नोव्हेंबर ते मार्च. एकटा.

त्याला कालवेकर मी म्हणतो. खरं नाव त्याने कधी सांगितलेलं नाही आणि तिथे ते कुणी विचारतही नाही. नावेचं नाव काय, एवढीच चौकशी होते. बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्याला रविवारी पाय मोकळे करायला कालव्याचा काठ सोयीचा पडतो, त्यामुळे हा मला अनेक रूपांत भेटलेला आहे. कधी दाढी पांढरी, कधी तांबूस. वय पंचावन्न ते सत्तर. पूर्वी नोकरी कसली होती म्हणून विचारावं तर "ते मागच्या जन्मात," एवढ्यावर विषय संपतो. बोटं उघडी ठेवणारे लोकरी हातमोजे, गुडघ्याला ग्रीस, आणि कमरेच्या पट्ट्यात मागच्या बाजूला खोचलेला विंडलास. सगळ्या रूपांत एक गोष्ट मात्र सारखी: त्याला एकटं राहायचं असतं, आणि आपण एकटे राहतो हे कुणाला तरी सविस्तर सांगायचं असतं.

नाव पोलादी, सत्तावन्न फूट लांब आणि रुंदीला सहा फूट दहा इंच. ही रुंदी ठरवली जेम्स ब्रिंडलीने. १७६६ साली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम सुरू झालं तेव्हा खर्च आणि पाणी दोन्ही वाचावं म्हणून त्याने लॉक सात फुटांच्या आसपास अरुंद ठेवले, आणि मध्य इंग्लंडच्या नावा अडीचशे वर्षं त्या मापात अंग चोरून राहिल्या. आत ओतीव लोखंडाची शेगडी, डॅनिश बनावटीची, अंगावर खारीचं उठावचित्र. ती ऑक्टोबरात पेटते आणि एप्रिलपर्यंत विझू द्यायची नसते. उष्णता वर जाते, आणि वर म्हणजे डोक्याला लागेल एवढ्यावर छत; जमीन पाण्याच्या पातळीखाली. त्यामुळे संध्याकाळी कालवेकरचं डोकं नागपूरच्या मे महिन्यात असतं आणि पाय इंग्लंडच्या जानेवारीतच राहतात. टपावर कोळशाच्या गोण्या, ओंडके, सायकल, एकचाकी ढकलगाडी आणि डिसेंबरात मोबाइल चार्ज करताना धापा टाकणारं सोलर पॅनल. या सगळ्याच्या मधोमध कुत्रा. कुत्रा एकटेपणाच्या हिशेबात धरत नाहीत.

आता लॉक म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण कालवेकरही सांगितल्याशिवाय राहत नाही. कालव्याला चढ चढता येत नाही, म्हणून चढावर पाण्याच्या पायऱ्या केलेल्या असतात. एकेक पायरी म्हणजे विटांचा खोल हौद, दोन्ही टोकांना दारं. खालच्या दाराने नाव आत घ्यायची, दार लावायचं, वरच्या बाजूच्या झडपा उचलून पाणी सोडायचं. हौद भरतो, नाव वर येते, पातळी सारखी झाली की वरचं दार उघडतं. झडपा उचलायला काटकोनात वाकवलेलं लोखंडी हँडल लागतं, तोच विंडलास. दार हलवायला दारातून बाहेर आलेली लांबलचक लाकडी तुळई पाठीने रेटावी लागते. माणसं दोन असली तर एक सुकाणूवर, एक दारांवर. एकट्याने करायचं तर नाव काठाला लावा, दोर घेऊन उतरा, हौद भरलेला असला तर आधी रिकामा करा, दारं उघडा, परत या, नाव आत घ्या, शेवाळलेल्या लोखंडी शिडीने दोर दातात धरून वर चढा, दारं लावा, झडपा उचला, खाली बघा, वर बघा, दार उघडा, शिडीने किंवा उडी मारून नावेत, नाव बाहेर, पुन्हा उतरा, दार लावा, झडपा पाडा. एक लॉक झाला. टार्डेबिगला असे ओळीने तीस आहेत.

वूस्टर अँड बर्मिंगहॅम कालव्यावरचा हा चढ सव्वादोन मैलांत दोनशे वीस फूट उंची गाठतो. ब्रिटनमध्ये याहून लांब रांग नाही. डिसेंबर-जानेवारीत तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा एकट्या माणसाचा सगळा दिवस यातच जातो. त्यातून कुणी पाहुणे आले तर जातोच जातो.

आमचे मामा नाशिकहून आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कालवा म्हटलं की त्यांना आवर्तन, पाळी आणि टेलच्या शेतकऱ्यांचे अर्ज आठवतात. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांना मफलर, कानटोपी आणि माझा जाड कोट अशा बंदोबस्तात टार्डेबिगला नेलं. चढाच्या मध्यावर एक कालवेकर नाव आत घेत होता. मामांनी हौदात डोकावून पाहिलं.

"एका वेळी किती पाणी खाली जातं रे?"

"लाखभर लिटर, मामा."

"एका माणसासाठी?"

"आणि एका कुत्र्यासाठी."

"आमच्याकडे याच्या निम्म्याला तहसील कचेरीवर मोर्चा येतो," मामा म्हणाले आणि खालच्या दाराची तुळई ढकलायला पुढे झाले. कालवेकर ओरडलाच. नको, नको, आभारी आहे, माझी पद्धत ठरलेली आहे!

पद्धत त्याने आम्हाला दाखवली. खालच्या बाजूला दोन दारं, एक या काठाला, एक त्या काठाला. एक लावायचं, मग दुसऱ्या काठाला जाण्यासाठी हौदाला वळसा घालून वरच्या दाराच्या अरुंद फळीवरून जायचं. फळीवर दव गोठून पांढरं झालेलं. कालवेकर आडवा होऊन, टाच रोवत, खेकड्याच्या चालीने पलीकडे गेला आणि मधोमध थांबून ही चाल का योग्य ते त्याने समजावलं. तोवर पहिलं दार पाण्याच्या चाळवण्याने हळूच पुन्हा उघडलं. तो परत आला. दार लावलं. परत गेला. दार उघडलं. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी मामा म्हणाले, जरा पाय दुखतात, आणि पहिल्या दाराच्या तुळईवर नुसते टेकले. दार हललं नाही. ही मदत नव्हे, हे आम्हा तिघांनाही मान्य होतं.

नंतर दाराच्या फटीतून येणाऱ्या चिळकांडीवर मामांनी बोट ठेवलं आणि दिवस संपला. ओकची दारं पंचवीसेक वर्षं टिकतात, फळ्यांच्या फटीत काय भरतात, गळती किती चालवून घ्यायची, यावर ते दोघे तुळईला टेकून बोलत राहिले. नाव हौदात वर आली, पुन्हा जरा खाली गेली. कुत्र्याने झोप काढली. एकट्याने पाण्यावर राहिल्याने माणूस अंतर्मुख होतो, बोलण्याची सवयच जाते, असं त्याने मामांना चहा देताना सांगितलं. दुसऱ्या कपाच्या वेळीही सांगितलं.

कालवेकरजवळ दोरीला बांधलेलं एक दणकट लोहचुंबक असतं. विंडलास पाण्यात पडतो, म्हणजे पडतोच. मग चुंबक सोडून तो शोधायचा. बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा तरी गंजलेला विंडलास वर येतो, तोही जपून ठेवतात. पण ज्याने मनगटाला त्रास नको म्हणून हलका, अॅल्युमिनियमचा विंडलास घेतला, त्याची पंचाईत. अॅल्युमिनियम चुंबकाला लागत नाही. असा एक गृहस्थ मी अर्धा तास चुंबक फिरवताना पाहिला आहे. त्याला ते ठाऊक होतं. तरी काही न करण्यापेक्षा बरं, म्हणाला, आणि मुख्य म्हणजे मी उभा होतो.

आणखी एक विषय आहे. पाच मिनिटांच्या ओळखीवर कालवेकर संडासावर येतो. कालव्यावर याबाबत दोन पंथ: एक डबेवाल्यांचा, म्हणजे वीसेक लिटरचा डबा भरला की ढकलगाडीवर घालून ठरलेल्या जागी रिता करणाऱ्यांचा, दुसरा टाकीवाल्यांचा, जे मोठी टाकी बाळगतात आणि महिन्यातून एकदा पंपाने उपसून घेतात. रोटीबेटी व्यवहार होत असावा, चर्चेत तडजोड नाही. हिवाळ्यात डबेवाल्यांची बाजू भक्कम होते, कारण कालवा गोठला तर टाकीवाल्याला पंपापर्यंत नाव नेता येत नाही. डबा घेऊन चालता येतं. हे सांगताना कालवेकरच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी वारकऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. तुमच्या हातात सँडविच आहे याने त्याला फरक पडत नाही.

बर्फ पडला की तो १९६३ सांगतो. १९६२ च्या नाताळानंतर जी थंडी पडली ती मार्चपर्यंत हटली नाही. कोळशाच्या नावा जागच्या जागी गोठल्या, माल रस्त्याने जाऊ लागला तो परत आला नाही, आणि सरकारी नावांचा धंदा त्याच वर्षी जवळपास गुंडाळला गेला. बर्फ फोडायच्या नावेत टोळीच्या टोळी मधल्या दांड्याला धरून उभी राहायची आणि नाव डावी-उजवी झुलवायची, हे तो स्वतः झुलून दाखवतो. त्या वर्षी तो जन्मलेला असतोच असं नाही. "आम्ही अडकलो होतो," असं म्हणतो मात्र.

त्याचं दैवत एल. टी. सी. रोल्ट. 'नॅरो बोट' हे रोल्टचं पुस्तक १९४४ मध्ये निघालं आणि मरायला टेकलेल्या कालव्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. युद्धाच्या काळात रोल्टची 'क्रेसी' ही नाव टार्डेबिगलाच मुक्कामाला होती. तिथेच १९४५ साली रॉबर्ट एकमन त्याला भेटायला आला आणि पुढच्या वर्षी कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. एकाकी नाविकांचा हा आदिपुरुष, असं कालवेकर सांगतो. क्रेसीवर रोल्टची बायको अँजेला पहिल्यापासून होती, हे त्याला आठवून दिलेलं चालत नाही. (पुढे १९५१ मध्ये ती नाव आणि नवरा दोन्ही सोडून बिली स्मार्टच्या सर्कशीत गेली. मला विचाराल तर पुस्तक तिचं यायला हवं होतं.)

एकदाच मी त्याला गप्प झालेला पाहिला, तो उतारावर. वरून खाली येताना लॉकमध्ये वरच्या दारापाशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. काठावर पांढरी रेघ असते. नावेचं मागचं टोक तिच्या पुढे ठेवायचं. पाणी उतरताना सुकाणूची बाजू उंबरठ्यावर टेकली तर नाव नाकाडावर झुकते आणि मिनिटा-दोन मिनिटांत बुडते. दोघं असले तर एक जण बघत असतो. एकट्याला झडप काठावरून सोडावी लागते आणि नाव दोराने काबूत ठेवावी लागते. दोर गोठून इतका ताठ झालेला असतो की खुंटाभोवती वेढा बसत नाही. त्या चार मिनिटांत कालवेकर कुणाशी बोलत नाही, कुत्र्याशीसुद्धा. नजर रेघेवर, एक हात दोरावर, विंडलास झडपेवरच ठेवलेला. त्याला हे काम किती नीट येतं ते तेव्हा दिसतं. पाणी खाली लागलं की मान वर करून विचारतो, "तर कुठे होतो आपण?" संडासावर होतो.

गेल्या फेब्रुवारीत मात्र दोन कालवेकर एकदम भेटले. एक खालून वर येऊन भरलेल्या लॉकमध्ये, वरचं दार उघडून उभा. दुसरा वरून खाली जायला दारात. खरं तर याहून सोयीचं काही नाही: पहिल्याने बाहेर पडावं, दुसऱ्याने आत यावं, दारं आपोआप वाटली जातात. पण दोघेही उतरून समोरासमोर आले. एकाने विचारलं, एकटेच? दुसरा म्हणाला, अकरा हिवाळे. मग उन्हाळी लोक, लाल डिझेलचा भाव, एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहू न देणारा १९९५ चा कायदा, दुरुस्तीसाठी पाणी काढून बंद ठेवलेले लॉक, पातळ बर्फातून भरधाव नाव हाकून दुसऱ्यांच्या नावांचा डांबरी रंग खरवडणारे बेशरम लोक. दोघांनी कबूल केलं की हल्ली हिवाळ्यातही गर्दी वाढली आहे.

खाली लॉक रिकामा व्हायची वाट पाहत एक जोडपं नाव धरून थांबलं होतं. बराच वेळ गेल्यावर त्यातली बाई हातात विंडलास घेऊन चढ चढून वर आली. तुम्हाला काही अडचण आहे का, आम्ही हात लावू का, असं तिने अगदी सभ्यपणे विचारलं.

"नको, नको," दोघेही एकदम म्हणाले, "आम्ही एकटे आहोत ना, जरा वेळ लागतो."