मावशीला घाई नाही

कांदेपोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत होकार-नकार सांगून मोकळं व्हावं, या मताची आमची मावशी. 'बोला काय ते' म्हणून मुलामुलीला गॅलरीत पाठवते आणि पाचव्या मिनिटाला काचेवर टकटक करते. कुकर, रिक्षावाला, सून, सगळ्यांनीच जरा लवकर आवरावं असं तिला वाटतं.

हीच बाई सध्या किंडलवर दोन पुरुषांची प्रेमकथा वाचतेय आणि तिला कसलीही घाई नाही. दोघं अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर चालताहेत: जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत. चौदा राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. "टेनेसी संपलं, तरी अजून एकमेकांचं खरं नाव विचारलेलं नाही!" हे ती पोरांचे मार्क सांगावेत तशी सांगते. त्या वाटेवर टोपणनावानंच हाक मारायची रीत आहे म्हणा. झाडांवर दोन बाय सहा इंचांचे पांढरे पट्टे रंगवून वाट दाखवलेली असते. "मेल्यांना तेवढे पट्टे बरोबर दिसतात," मावशी म्हणते, "शेजारचा माणूस दिसत नाही."

अँग लीचा 'ब्रोकबॅक माउंटन' (२००५) बघून ती इतकी रडली होती, की आता शेवट गोड आहे ना, हे भाचीकडून आधी वदवून घेते. एकदा ती हमी मिळाली की मग मात्र पोचायचं नाव नको.

व्हर्जिनिया तिचं सगळ्यात लाडकं. वाटेचा जवळपास चौथा हिस्सा त्या एकाच राज्यात. चालणारे तिथे कंटाळून जातात, मावशी मात्र रमली. धो-धो पाऊस, तीन भिंतींचा लाकडी निवारा, दोरीवर वाळत घातलेले ओले मोजे. एकानं दुसऱ्याच्या टाचेवरच्या फोडाला पट्टी लावली. प्रकरण संपलं. मावशीनं चष्मा काढला, पंखा वाढवला आणि काकांवर घसरली, "तुम्ही कधी विचारलंत का हो, पाय दुखतो का म्हणून?"

"दुखतो का?" काका पेपराआडून.

"आता नका विचारू."

थोड्या वेळानं काकांनी चाचरत विचारलं, "दोघंही पुरुषच ना?"

"मग? निर्व्यसनी आहेत, स्वयंपाक येतो. तुमच्या पुतण्याला चहा तरी येतो का?"

तिचा आक्षेप वेगळाच होता. अस्वलांचा मुलूख, आणि त्यातल्या एकानं रात्री खाण्याची पिशवी झाडाला टांगलीच नाही! "असल्या वेंधळ्याशी संसार कसा व्हायचा?" या चिंतेत तिनं दुपारची झोप घालवली.

परवा मात्र चेहरा पडलेला. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात, झोंबऱ्या वाऱ्यात, दोघांनी अखेर एकमेकांचं चुंबन घेतलं होतं. म्हटलं, मावशी, आता तरी खूश?

"कसली खूश! जरा दम धरवला नाही मेल्यांना. अख्खं मेन पडलं होतं की पुढे!"