त्यात काय एवढं!

वीर स्टेशनवर दिवा गाडी लेट असली की एक गृहस्थ हमखास भेटतात. साठी उलटलेली, हातात अडकित्ता, बाकाची सावलीतली बाजू कायमची त्यांची. गाव त्यांना 'त्यातकाय काका' म्हणतं, अर्थात पाठीमागे.

काका कुणाला वाईट बोलत नाहीत. कुणाचं बरं झालं की सुपारी कातरता कातरता एखादा प्रश्न तेवढा टाकतात. शेजारचा मुलगा महाडच्या एमआयडीसीत लागला, पेढे घेऊन आला.

"परमनंट की कॉन्ट्रॅक्टवर?"

"परमनंट, काका."

अडकित्ता क्षणभर थांबला. "हं. कंपनी टिकली पाहिजे." आणि दुसरा पेढा उचलत, "साखर जरा जास्तच झालीय."

कुणी रायगड पायी चढून आला, तर "रोपवे असताना गुडघे कशाला झिजवायचे?" रोपवेनं गेला, तर "मग गड चढलो म्हणून सांगू नकोस."

रेल्वेवर तर त्यांचा जुना राग. १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत गाडी आली, तेव्हा काका म्हणाले, "वीरपर्यंतच ना? पुढचे डोंगर फोडून दाखवा म्हणावं!" डोंगरही फुटले. २६ जानेवारी १९९८ ला अख्खा कोकण रेल्वेमार्ग खुला झाला. काका म्हणाले, "एकच रूळ! निम्मा वेळ क्रॉसिंगलाच जायचा." २०२१ मध्ये रोहा ते वीर दुपदरी झाला. काकांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "वीरपर्यंतच ना?"

लोक याला जळफळाट म्हणतात. मला तो अभ्यास वाटतो. कुणाच्या पोराला किती टक्के पडले, कुणाच्या स्लॅबला किती पोती सिमेंट लागलं, कुणाच्या सुनेचा पगार किती, सगळं काकांना तोंडपाठ. कौतुक करणारे दुसऱ्या दिवशी विसरतात. खोट काढणाऱ्याला मात्र हिशेब ठेवावाच लागतो.

तुमच्या गावातही असे एक काका असतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका. पेढा पुढे करताना आपणच म्हणावं, "फार काही नाही हो, साधीच नोकरी आहे." समोरच्याचं म्हणणं खोडून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लगेच म्हणतील, "साधी कशी? हल्ली मिळते कुणाला!" काकांकडून कौतुक करून घ्यायचं, तर हाच एक रस्ता आहे.